औषध बदलताना: एस्सिटॅलोप्रामवरून फ्लुवोक्सामिन, ओसीडी आणि मधले दिवस

कडीकोयंडा | ३ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३६, सांगलीला एका सहकारी बँकेत आहे. ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी त्याच त्या कृती करत बसणं, हा आजार) कॉलेजपासून असणार पण त्याला नाव आहे हे कळलं चार वर्षांपूर्वी, मिरजेला डॉक्टरांकडे गेल्यावर. माझं मुख्य चेकिंगचं. गॅस, नळ, कुलूप आणि बँकेत बेरजा. बँकेत याचं कौतुकच होतं, काटेकोर माणूस म्हणून, पण कॅश टॅली झाल्यावरही मी पाऊण तास बसून असतो आणि शिपाई शटर अर्धं ओढून वाट बघत असतो हे त्याला आणि मलाच माहीत. दुसरं सांगायला जड जातंय. मुलगी दोन वर्षांची आहे. तिला कडेवर घेऊन गॅलरीत गेलो की डोक्यात येतं, आपण हिला खाली टाकलं तर. टाकायचं नसतं हो. पण येतंच. म्हणून मी गॅलरीत जायचंच सोडलंय, बायकोला सांगतो ऊन लागतं.

एस्सिटॅलोप्राम १० ने सुरू केलं, मग २०, त्यालाही दोन वर्षं होतील. धडधड, पोटात गोळा येणं वगैरे बरंच कमी झालं. चेकिंग मात्र जाग्यावर. डॉक्टर वाय-बॉक्स म्हणून दहा प्रश्नांची मोजपट्टी वापरतात, चाळीसपैकी मार्क, जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास. मी २८ वरून २३ वर आलो आणि तिथेच अडकलो. आता ते म्हणतात फ्लुवोक्सामिनवर जाऊ, हे हळूहळू उतरवायचं ते हळूहळू चढवायचं. गोळ्या आणून आठ दिवस झाले, कपाटात आहेत. आतलं माहितीपत्रक तेवढं तीनदा वाचून झालं, काय काय लिहिलंय त्यात राव.

ज्यांनी औषध बदललंय त्यांचे मधले दिवस कसे गेले? नोकरी झेपली का? आणि आत्ता जे थोडंफार बरं आहे तेही हातचं गेलं तर? डोस विचारत नाहीये, अनुभव विचारतोय.

डबलचहा | ४ जून, सकाळी ७:१०

आयडी वाचूनच अर्धं निदान झालं. हलके घ्या हो. धाग्याला शुभेच्छा, जाणकार येतीलच.

तिरफळ | ४ जून, सकाळी ९:३५

मी पॅरॉक्सेटिनवरून फ्लुओक्सेटिनवर गेले, सहाएक वर्षं झाली. पण आधी न बदलताच काय घोळ घातला ते ऐका. गणपतीला गावी गेले, गुहागरच्या पुढे, आणि गोळ्यांची पट्टी मुंबईत ओट्यावर राहिली. म्हटलं चार दिवसांनी काय होतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीत झांज वाजली की डोक्यातून करंट गेल्यासारखं, मान वळवली की जग अर्धा सेकंद मागून येतंय, रात्री भयंकर स्वप्नं, आणि काकूला वाटलं माझ्या अंगात येतंय. खरंच वाटलं, ती हळदकुंकू घेऊन आली.

पॅरॉक्सेटिन शरीरातून फार लवकर निघून जातं म्हणून त्याचं असं होतं असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. फ्लुओक्सेटिन उलट, ते आठवडे-आठवडे रेंगाळतं. म्हणून तुमची गोष्ट वेगळी, माझी वेगळी. तुमचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतायत ना, मग हा करंटवाला भाग बहुतेक सौम्य जाईल किंवा येणारही नाही.

बदलतानाचे तीन आठवडे मला चिडचिड खूप होती. ऑफिसला गेले रोज. काम काय केलं ते विचारू नका.

पंत_पेठेतले | ४ जून, सकाळी १०:०२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्या घरी आजीला सोवळ्याचं इतकं होतं की विहिरीवरून ओलेत्याने येताना वाटेत कोणाची सावली पडली तरी पुन्हा आंघोळ. तिला कोणी गोळ्या दिल्या नाहीत, ब्याण्णव वर्षं जगली. हल्ली प्रत्येक स्वभावाला इंग्रजी नाव आणि प्रत्येक नावाला गोळी. सकाळी प्राणायाम, संध्याकाळी रामरक्षा, आणि डोक्याला काम. बघा करून.

डबलचहा | ४ जून, सकाळी १०:०९

आला पहिला प्राणायाम. पैज जिंकलो.

निळी_छत्री | ४ जून, दुपारी २:४०

पंत, तुमच्या आजीचं आणि माझं एक साधं अंतर सांगते. माझी आजीही कडक सोवळ्यातली. पण तिचं सोवळं नैवेद्य दाखवला की संपायचं. मग ती दोन घास जास्त जेवायची आणि दुपारी घोरायची. माझं संपायचंच नाही. हात धुतले, की नळाला हात लागला, की परत, कोपरापर्यंत, कातडी फाटून रक्त येईपर्यंत, आणि धुताना मला पूर्ण कळत असायचं की हा मूर्खपणा आहे. आजीला तसं कधीच वाटलं नाही, तिच्या जगात त्याला अर्थ होता. आमच्याकडे याला मंत्रचळ म्हणायचे, म्हणजे शब्द जुनाच आहे, इंग्रजी नाव नंतर आलं.

कडीकोयंडा, मी सर्ट्रालिनवर आहे, बदल एकदाच झाला आणि त्यात पोट बिघडलं पंधरा दिवस, बाकी काही नाही. पण मला खरा फरक पडला तो ईआरपीने. इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, सरकारी व्यवस्थेत स्वतःच नाव नोंदवता येतं, थांबावं मात्र लागतं. यात ज्याची भीती त्याच्यासमोर जायचं आणि नेहमीची ती कृती करायची नाही. मी कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला हात लावून मग सँडविच खाल्लंय. रडत रडत खाल्लंय. तुम्हाला कोणी हे सुचवलंय का?

औषधवाला | ४ जून, रात्री ९:१५

कोल्हापुरात मेडिकल आहे माझं, वीस वर्षं काउंटरला उभा आहे, डॉक्टर नाही हे आधी सांगतो.

१. ते पत्रक वाचू नको भावा. कंपनीला सगळं छापावं लागतं, लाखात एकाला झालेलंही. तू तर त्यातलं प्रत्येक तपासत बसशील.

२. मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलास तर चिठ्ठी दाखव. पाठदुखीला टिझानिडिन सर्रास देतात, ते फ्लुवोक्सामिनबरोबर अजिबात चालत नाही, बीपी धाडकन पडतं. ट्रॅमाडोल, आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, हेपण विचारल्याशिवाय नको.

३. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली तर घाबरू नको, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे का बघ. एकदाच बघ. (हे तुला मुद्दाम सांगतोय.)

आणि पंत, रामरक्षा मी पण म्हणतो. बीपीची गोळी घेऊन म्हणतो.

रात्रपाळी | ५ जून, पहाटे १:२०

मी सायकियाट्रीत आहे, नाशिकला. इथे कोणाला तपासत नाही, सर्वसाधारण तेवढं लिहिते.

ओसीडीत औषध 'लागू पडलं नाही' असं म्हणायची घाई फार होते. डिप्रेशनमध्ये चार-सहा आठवड्यांत अंदाज येतो, ओसीडीत आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात आणि डोसही बहुधा वरचा लागतो. तुमचं दोन वर्षं झालंय म्हणजे पुरेसं थांबून झालंय, बदलायला सांगणं रास्त वाटतं. एका एसएसआरआयने (तुमची दोन्ही औषधं याच गटातली) नाही झालं तर दुसऱ्याने होऊ शकतं, आणि कोणाला कुठलं मानवेल हे आधी सांगता येत नाही, ही आमची खरी अडचण आहे. त्याच्याही पुढे क्लोमिप्रामिन आहे, जुनं, साठच्या दशकातलं, चांगलं पण तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, ईसीजी काढा वगैरे, म्हणून सहसा पहिल्यांदा देत नाहीत. किंवा चालू औषधाला ॲरिपिप्राझोलसारखं काही थोडं जोडतात. म्हणजे हा शेवटचा रस्ता नाही, मधला आहे.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे बेचैनी वाढू शकते, झोप बिघडू शकते. बेचैनी असह्य झाली किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या घरच्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवा.

आता एक प्रश्न. गॅलरीचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय?

कडीकोयंडा | ५ जून, सकाळी ६:५८

नाही.

इथे टोपणनावाने लिहिलं तेच पहिल्यांदा.

खारीक_बदाम | ५ जून, सकाळी ८:२५

कडीकोयंडा, मी दोन मुलांची आई आहे. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर तीन महिने सुरी हातात घेतली नाही. भाजी नवरा चिरायचा, मी सांगायचे हात दुखतो. मला वाटायचं मी हे बोलले तर बाळ काढून घेतील. शेवटी डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्याही नाहीत, म्हणाल्या किती वेळा येतं दिवसातून? जणू खोकल्याबद्दल विचारतायत. मी तिथेच ढसाढसा रडले, हलकं वाटून.

सांगा डॉक्टरांना. ऊन लागतं म्हणू नका.

तिरफळ | ५ जून, सकाळी ८:४०

+१

जुना_सदस्य | ५ जून, सकाळी ११:०५

छान लेखन. पुढील लेखनास शुभेच्छा.

डबलचहा | ५ जून, सकाळी ११:०६

वाचलंय का हो?

कडीकोयंडा | ९ जून, रात्री १०:३०

जाऊन आलो. गॅलरीचं सांगितलं. खारीक_बदाम, सेम टु सेम, ते पण लिहितच राहिले. मग प्रश्न परत घेतले तर मार्क २३ नाही, २७ निघाले, कारण आधी मी अर्धं लपवूनच उत्तरं देत होतो. म्हणाले तुम्ही मला अर्ध्या आजाराचं औषध द्यायला लावत होता. रागाने नाही, हसून. ईआरपीसाठी एका मॅडमचा नंबर दिलाय. उद्या रात्रीपासून सुरू.

पण एक शंका. समजा एस्सिटॅलोप्राम कमी झालं आणि फ्लुवोक्सामिन अजून चढलं नाही तर मधे मी पूर्ण उघडा पडणार का?

तिरफळ | ९ जून, रात्री १०:४५

नाही हो, दोन्ही थोडं थोडं असतं ना मधे. नका घाबरू.

कडीकोयंडा | १० जून, सकाळी ६:१५

धन्यवाद. पण काही लोकांना तसं होत असेलच ना? म्हणजे तुम्हाला नाही झालं, पण एखाद्याला झालंय असं कोणी बघितलंय का?

कडीकोयंडा | १० जून, दुपारी १:२०

आणि दोन्ही थोडं थोडं म्हणजे दोन्हीचे साइड इफेक्ट पण एकदम येतील का?

कडीकोयंडा | १० जून, संध्याकाळी ७:४०

कोणी आहे का?

रात्रपाळी | १० जून, रात्री ८:५५

आहे. चारही प्रतिसाद वाचले. एकच प्रश्न चार वेळा आलाय, कपडे बदलून. तिरफळने एकदा उत्तर दिलं, आठ तास बरं वाटलं असेल, मग परत खाज. कुलूप ओढून बघणं आणि इथे विचारणं यात फरक नाही. म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. यात राग अजिबात नाही, उलट आहे.

पंत_पेठेतले | १० जून, रात्री ९:१०

हे काही पटलं नाही बुवा. माणूस घाबरलाय, चार शब्द धीराचे बोलायला काय पैसे पडतात?

तिरफळ | १० जून, रात्री ९:२२

आयुष्यात पहिल्यांदा पंतांशी सहमत. रात्रपाळी, तुमचं शास्त्र बरोबर असेल पण वाचताना गारठायला झालं.

निळी_छत्री | ११ जून, पहाटे ३:०५

मी रात्रपाळीच्या बाजूने. माझा नवरा पाच वर्षं 'हो, हात स्वच्छ आहेत' असं म्हणायचा, दिवसातून तीसएक वेळा, प्रेमानेच. थेरपिस्टने त्यालाच बोलावून घेतलं आणि सांगितलं आता हे म्हणायचं नाही. त्याऐवजी काय म्हणायचं ते ठरवून दिलं: 'तुला त्रास होतोय हे दिसतंय मला, आणि मी इथेच आहे.' बस. पहिले चार दिवस मी त्याच्या अंगावर भांडी फेकायची बाकी होते. पण सुटलं ते तिथूनच सुटलं.

धीर द्या की, कोण नको म्हणतंय. खात्री देऊ नका. ती कितीही दिली तरी पुरत नाही.

कडीकोयंडा | ११ जून, रात्री ११:४०

खरं सांगू का, काल रात्रपाळींचा प्रतिसाद वाचून आयडी बंद करायला निघालो होतो. मग बायकोला दाखवला. ती म्हणाली, या बाईंना माझा नमस्कार सांगा, मी हे चार वर्षं बोलतेय.

पहिली गोळी घेतली.

डबलचहा | १२ जून, सकाळी ७:०२

वहिनींना आयडी काढून द्या.

कडीकोयंडा | २३ जून, रात्री २:१५

जमत नाहीये. बारा-तेरा दिवस झाले. पहिला आठवडा नुसती मळमळ होती, ती गेली. पण आता छातीत धडधड, हात थरथरतात, रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही. एस्सिटॅलोप्राम निम्म्यावर आणलंय. हे औषध मला मानवत नाही असंच वाटतंय. जुन्यावर परत जावं का? हा प्रश्न खरा आहे हो, मंत्रचळाचा नाही.

तिरफळ | २३ जून, सकाळी ७:५०

स्वतःहून परत जाऊ नका, आज फोन करा. मिरज काय लांब आहे.

औषधवाला | २३ जून, सकाळी ८:३०

भावा, चहा किती पितोस?

कडीकोयंडा | २३ जून, सकाळी ८:५२

चहा? बँकेत पाच-सहा. परवापासून झोप नाही म्हणून दिवसा जागं राहायला संध्याकाळी एक कॉफी वाढवलीय. का?

औषधवाला | २३ जून, सकाळी ९:२०

मी गाढव आहे. टिझानिडिन सांगितलं आणि रोजचं तेच सांगायचं राहिलं. लिव्हरमधलं जे एन्झाइम कॅफिन मोडतं तेच फ्लुवोक्सामिन अडवून धरतं. एरवी कॅफिन चार-पाच तासांत निम्मं उतरतं, याच्यासोबत तेच पार तीस तासांपर्यंत जातं. म्हणजे तुझ्या अंगात आजचे सहा चहा आहेत, वर कालचेही आहेत. आता हेच कारण आहे असं मी छातीठोक सांगत नाही, औषधाचीही बेचैनी असू शकते. डॉक्टरला फोन कर आणि चहाचा आकडा खरा सांग. गॅलरीसारखं करू नको.

रात्रपाळी | २३ जून, दुपारी १२:४५

औषधवाला बरोबर बोलतायत. मीही लिहायला हवं होतं. आम्ही ओपीडीत दारू-तंबाखू विचारतो, चहा विचारायचा राहतो, कारण महाराष्ट्रात चहा हे पेय आहे असं कोणाला वाटतच नाही. आणि हो, हा प्रश्न खराच होता. नवीन लक्षण पहिल्यांदा सांगणं म्हणजे चेकिंग नाही.

डबलचहा | २३ जून, दुपारी १:००

या धाग्यावर मला असुरक्षित वाटू लागलंय.

पंत_पेठेतले | २३ जून, दुपारी १:३०

चहा इंग्रजांनी लावला. मी काय म्हणत होतो.

कडीकोयंडा | २४ जून, रात्री ९:४५

डॉक्टरांनी चहा दिवसाला एकावर आणायला सांगितलं, तोही सकाळी, कॉफी बंद, आणि डोस आठवडाभर आहे तिथेच ठेवायचा. बँकेत सांगितलं ॲसिडिटी आहे. शिपायाला जास्त वाईट वाटलंय, माझ्या निमित्ताने त्याचाही होत होता.

कडीकोयंडा | २५ ऑगस्ट, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. अकरा आठवडे झाले.

चहा कमी केल्यावर चार-पाच दिवसांत थरथर गेली, झोप हळूहळू आली. जुलैच्या मध्यात एस्सिटॅलोप्राम पूर्ण बंद झालं, त्या आठवड्यात दोनतीनदा तो तिरफळवाला करंट आला, झांज न वाजवता. जुलैअखेरपर्यंत काहीच फरक नव्हता आणि मी मनात राजीनामा लिहून ठेवला होता. मग ऑगस्टमध्ये कधीतरी, कधी ते सांगता येणार नाही, घरातून निघाल्यावर कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं आज कुलूप एकदाच ओढलं. लक्षात आलं म्हणून लगेच मागे जाऊन बघावंसं वाटलं हा भाग वेगळा. गेलो नाही.

मार्क आता १८. ईआरपीच्या मॅडमनी पहिलं काम दिलं ते मोबाईलमधले कुलपाचे फोटो पुसायचं. मी रोज निघताना फोटो काढायचो, पुरावा म्हणून, हे इथे सांगितलं नव्हतं. न बघता पुसायचे. सहाशे बारा निघाले. मधे मधे मुलीचे चार.

गॅलरीत बसतो, तिला मांडीवर घेऊन, पंधरा मिनिटं. विचार येतो. येऊ दे म्हणायचं आणि बसायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. पहिल्या दिवशी घामाने शर्ट भिजला. काल ती समोरच्या गॅलरीतल्या पोपटाशी बोलत होती आणि मी मधेच बँकेच्या ऑडिटचा विचार करत होतो.

दुपारी झोप येते हे आहेच. दोन किलो वजन वाढलंय. वैवाहिक जीवनावर जो परिणाम होतो म्हणतात तोही थोडा आहे, डॉक्टरांशी बोललोय, इथे अधिक लिहीत नाही, बायको वाचते.

खारीक_बदाम | २५ ऑगस्ट, रात्री १०:५०

पोपट वाचून बरं वाटलं.

रात्रपाळी | २६ ऑगस्ट, पहाटे १:१०

सलाम. बरं वाटतंय म्हणून सहा महिन्यांत गोळी बंद करायचा विचार येईल. ओसीडीत निदान एक-दोन वर्षं तरी चालू ठेवतात. तो विचार आला की आधी मिरजेला जा.

तिरफळ | २६ ऑगस्ट, सकाळी ९:००

गणपती आलेत. पट्टी आत्ताच पर्समध्ये टाकली. एक काकूकडेही देऊन ठेवणार आहे, हळदकुंकू वाचेल.

नवा_पाहुणा | ३१ ऑगस्ट, रात्री ११:३५

नमस्कार, सगळा धागा दोनदा वाचला. मलाही उद्यापासून फ्लुवोक्सामिन सांगितलंय. मी दिवसाला तीन चहा घेतो. एकदम बंद करू का हळूहळू? आणि चॉकलेटमध्ये पण कॅफिन असतं ना, ते चालेल का? आणि समजा चुकून एखादा चहा झाला तर?

कडीकोयंडा | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५०

स्वागत आहे. तीन चहाचं उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून विचारा, ते सांगतील तेवढा घ्या. हे एकदाच सांगतोय. परत विचारलंत तर उत्तर देणार नाही, राग मानू नका. तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय मला, आणि मी इथेच आहे.

नवा_पाहुणा | १ सप्टेंबर, रात्री १२:०४

बरं. धन्यवाद.

पण समजा, डॉक्टरांनी फोनवर नीट ऐकलंच नसेल तर?